जुन्या खिळ्यांचा डबा

वहिनींच्या स्वयंपाकघरात एकही डबा खरं बोलत नसे. 'मेथीदाणे' लिहिलेल्या डब्यात बेदाणे असत, 'कारल्याची पावडर' लिहिलेल्यात खजूर, आणि 'धुण्याचा सोडा' अशी ठळक चिठ्ठी मिरवणाऱ्या मोठ्या डब्यात बिस्किटं. साखर साखरेच्या डब्यातही होती, पण तळाशी दोन बोटं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवण्यापुरती. खरी साखर 'मोहरी'त. घरात वाढत्या वयाची तीन पोरं असली की असंच वागावं लागतं, असं वहिनींचं म्हणणं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनी डब्यांना लागू केलं होतं. महिन्याचा किराणा महिनाअखेर गाठतो तो या झाकल्या मुठीच्या जोरावर, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. थोरली कॉलेजात जायला लागली होती आणि वजन कमी करायचं म्हणून जेवत नसे, जेवण सोडून बाकी सगळं खात असे. मधल्याच्या पँटी शिंप्याकडून घरी येईपर्यंत आखूड होत. शेंडेफळ पहिलीत होतं आणि अक्षरं जुळवायला शिकत होतं. या तिघांपासून माल वाचवायचा म्हणजे डोकं चालवावं लागे. एकदा तर उत्साहाच्या भरात वहिनींनी बिस्किटांच्या डब्यावर 'उंदरांचं औषध' लिहिलं. विष आहे म्हणून ताकीद मिळालेल्या शेंडेफळानं मधल्याला त्यातलं खाताना पाहून असा टाहो फोडला की शेजारचे सुतारकाका हातातला रंधा घेऊनच धावत आले. मधला शांतपणे चावत म्हणाला, "उंदरांची चैन आहे बुवा." गुपित फुटलं म्हणून वहिनींनी चिठ्ठी बदलून 'धुण्याचा सोडा' केली आणि पुन्हा निर्धास्त झाल्या.

सगळ्यात वरच्या फळीवर, कोपऱ्यात, एक गंजका डबा होता. त्यावर लिहिलं होतं 'जुने खिळे'. त्यात खारे पिस्ते असत, टरफलांसकट. डबा हलवला तर खिळ्यांसारखाच खडखडे, म्हणून तर वहिनींनी काजू सोडून पिस्ते निवडले होते. दुपारी घर रिकामं झालं की त्या स्टुलावर चढत, मूठभर पिस्ते काढत, खिडकीपाशी बसून एकेक फोडून खात आणि टरफलं कोरफडीच्या कुंडीत खोल पुरून टाकत. दिवसभरात त्यांच्या एकटीचं म्हणावं असं तेवढंच. एक पिशवी आणली की किती महिने पुरते, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटे. पोरांना काटकसरीवर व्याख्यान देताना हीच पिशवी त्यांच्या डोळ्यांसमोर असे.

वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊ, एका कारखान्यात सुट्ट्या भागांचे स्टोअरकीपर होते. वॉशरपासून पंख्याच्या पात्यापर्यंत हजार वस्तू त्यांच्या हाताखाली नांदत. स्टोअरमधलं कपाट डोळे मिटून उघडलं तरी हवी ती वस्तू हाताला लागायची, असं ते सांगत आणि ते खरंही होतं. जे लिहिलंय तेच आत आणि जे आत आहे तेच लिहिलेलं, हा त्यांचा धर्म होता. त्यांनी घरातल्या डब्यांकडे इतकी वर्षं दुर्लक्ष कसं केलं, हे एक कोडंच म्हणायचं.

ठिणगी पडली ती धाकट्या दिरांच्या पत्रानं. त्यांची बदली याच गावात झाली होती, धाकट्या जाऊबाईंना दिवस गेले होते आणि घर मिळेपर्यंत ती दोघं वरच्या खोलीत राहणार होती. वहिनींना मनापासून आनंद झाला. त्या आनंदातच त्यांनी किराण्याचे पैसे वाढवून मागितले.

"पैसे कमी पडत नाहीत," भाऊ म्हणाले. "माल जातो. माल कुठे जातो ते बघायला हवं."

"अहो, दोन माणसं वाढतायत. थोड्या दिवसांनी तिसरं. दात कोरून पोट भरतं का?"

"माझ्या स्टोअरमध्ये यंदा दोन यंत्रं वाढली. मी साहेबांकडे जाऊन रडलो नाही. माल नीट लावला."

"तुमची यंत्रं शाळेतून आल्या आल्या फडताळ उघडत नाहीत."

बोलता बोलता शब्दाला शब्द वाढला. भाऊ म्हणाले, एक महिना किराणा माझ्याकडे दे, आहे त्या पैशात सगळ्यांना जेवू घालून दाखवतो. जमलं तर किराण्याचे पैसे आणि फडताळाला आजवर नुसतीच लटकलेली किल्ली कायमची माझ्याकडे. नाही जमलं तर तू सांगशील तो आकडा, का म्हणून विचारणार नाही. वहिनींनी उचलली जीभ लावली टाळ्याला आणि "कबूल" म्हणून त्या मोकळ्या झाल्या. रांधायचं वहिनींनी, पण काय आणायचं आणि किती काढून द्यायचं ते भाऊंनी, आणि मधे वहिनींनी शब्दानं किंवा खुणेनंही बोलायचं नाही, असं ठरलं.

शब्द तोंडातून गेल्यावर मात्र आपण काय पणाला लावलं ते त्यांना उमगलं. या घरात बाकी सगळ्या गोष्टी चार जणांना विचारून होत. पडद्याचा रंगसुद्धा. एक स्वयंपाकघर तेवढं असं होतं, जिथं वहिनी म्हणतील ती पूर्व दिशा. ते हातचं गेलं तर आपण या घरात पगार न घेणारी स्वयंपाकीण होऊ, असं त्यांना स्वच्छ दिसलं आणि रडू यायला लागलं. पण शब्द दिला होता.

रविवारी भाऊंनी बाह्या सरसावल्या. डबे एकेक करून ओट्यावर आले. 'मेथीदाणे' उघडून त्यांनी आत पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा आत. 'कारल्याची पावडर' उघडली तेव्हा तर ते खुर्चीवर बसलेच.

"हा माझ्या घरातला साठा?" ते म्हणाले. "माझ्या हाताखालच्या माणसानं असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं."

"मी घरीच आहे," वहिनी म्हणाल्या आणि चिठ्ठ्या चिकटवायला खळ करायला घेतली.

दुपारपर्यंत जुन्या चिठ्ठ्या खरवडून निघाल्या आणि प्रत्येक डब्यावर भाऊंच्या वळणदार अक्षरात खरं नाव चढलं. बेदाणे. खजूर. साखर. बिस्किटे (गोड). बिस्किटे (खारी). पोरं दारात रांगेनं उभी राहून वाचत होती. शेंडेफळ 'ख-जू-र' असं बोट ठेवून वाचायला शिकलं, तेव्हा भाऊंना भरून आलं.

मग त्यांनी वरच्या फळीवर हात घातला. वहिनींच्या हातातला चमचा खळीतच राहिला. भाऊंनी गंजका डबा खाली काढला, एकदा हलवला, खडखड ऐकली आणि झाकणाला हातही न लावता परत जागेवर ठेवला. "हे लोखंडी सामान," ते म्हणाले. "किराण्यात येत नाही." वहिनींनी सोडलेला श्वास त्यांना ऐकू गेला नसावा. काढल्या-घातल्याची नोंद करायला एक तक्ता भिंतीवर लावायचा होता. त्यासाठी खिळा हवा म्हणून भाऊ चपला घालून शेजारी सुतारकाकांकडे गेले. देवच पावला, असं वहिनी मनात म्हणाल्या.

पहिला आठवडा भाऊंचा होता, हे मान्य करायला हवं. घाऊक बाजारातून त्यांनी तांदळाचं पोतं आणलं, बटाट्याचं पोतं आणलं, भाव पाडून डाळ आणली. ती सगळी ओझी खालच्या फळीवर शिस्तीत लागली. शिल्लक राहिलेले सुटे पैसे एका वाटीत ठेवून ती वाटी त्यांनी वहिनींना दिसेल अशी ओट्यावर ठेवली. धाकटे दीर आणि जाऊबाई आली तेव्हा हातातलं सामान खाली ठेवायच्या आत त्यांनासुद्धा फडताळ दाखवलं. जाऊबाई म्हणाल्या, "किती छान, भाऊजी, काही शोधायलाच नको." वहिनींनी वाटीकडे पाठ फिरवली. त्या आठवड्यात दुपारी त्यांची मूठ जरा मोठी झाली. दुसऱ्या आठवड्यात तर दोनदोनदा स्टुलावर चढल्या.

दुसऱ्या आठवड्यातच खजूर संपला. मग बेदाणे. बिस्किटं (गोड) बुधवारी गेली आणि (खारी) गुरुवारी. भाऊंनी तक्त्यासमोर उभं राहून डोकं खाजवलं आणि कारखान्याचा उपाय काढला. यापुढे कुणालाही काही हवं असेल तर मागणी-चिठ्ठी लिहायची: वस्तू, किती, कशासाठी, सही. चिठ्ठीशिवाय दाणा मिळणार नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. थोरली 'अभ्यासासाठी' साखर मागू लागली. मधल्यानं 'वाढीसाठी' एवढं कारण लिहून रोज अर्धा डबा नेला. शेंडेफळाला लिहिता येत नव्हतं म्हणून त्यानं बिस्किटाचं चित्र काढलं, चांगलं ताटाएवढं, आणि भाऊंना मागणीप्रमाणे माल देणं भाग पडलं. जाऊबाई भिडस्त होत्या. त्यांनी आठवडाभर काही मागितलं नाही, मग एका चिठ्ठीवर नुसतं 'दोघांसाठी' लिहिलं आणि पुढे वस्तूंची जागा कोरी सोडली. बाकी सगळ्या चिठ्ठ्या नियमाप्रमाणे भरलेल्या होत्या. नीट भरलेली चिठ्ठी नाकारायची कशी, हे भाऊंना उभ्या नोकरीत माहीत नव्हतं.

वहिनी मनातून हरखल्या होत्या, पण त्यांना नवलही वाटत होतं. एका दुपारी त्यांनी पोरांना गाठलं. बोलायचं नाही ते भाऊंशी, पोरांशी बोलायला बंदी नव्हती.

"काय रे, आधी हाच खजूर महिनाभर पुरायचा. आता पोटात काय भोक पडलंय?"

"आई, आधी चोरायला लागायचं," मधला म्हणाला. "चोरताना दोनच घ्यावे लागतात. जास्त घेतले असते तर तुला कळलं नसतं का?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं? कारल्याच्या डब्यात—"

"आपल्याकडे कारलं कोण खातं, आई?" थोरली म्हणाली. "आणि धुण्याचा सोडा कुणी फडताळात ठेवतं का, डाळींच्या शेजारी?"

वहिनींनी फडताळाकडे पाहिलं. इतक्या वर्षांची त्यांची हुशारी, आणि पोरं ती मन लावून पाळत आली होती. त्यांच्या झाकल्या मुठीत काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त ती झाकलेली आहे म्हणून कुणी मोठा हात घालत नव्हतं. नवऱ्यानं खरी नावं लिहिली आणि चोरीचं खाणं सरकारी झालं.

"सगळेच डबे माहीत होते?" त्यांनी हळूच विचारलं. "वरच्या फळीवरचेसुद्धा?"

शेंडेफळानं तोंड उघडलं. थोरलीनं त्यावर तळहात ठेवला.

"वरती फक्त खिळे आहेत," मधला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. चला, एवढं तरी आपल्यापुरतं राहिलं, असं वहिनींना वाटलं.

तिसरा आठवडा सरता सरता घरात तांदूळ, बटाटे आणि तक्ता एवढंच उरलं. वाटीतले सुटे पैसे तर कधीच गेले होते. बटाटा उकडून झाला, तळून झाला, ठेचून झाला, पातळ रश्शात पोहून झाला. जेवायला बसताना जाऊबाई अगदी गोड आवाजात विचारत, "ताई, आज बटाट्याचं काय?" भाऊ मान खाली घालून जेवत. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "सगळी नोंद बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?" ते ऐकून वहिनींना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला, पण थोडाच. नवऱ्याचा एवढासा झालेला चेहरा बघवेना, आणि बोलायला तर बंदी. त्या घालमेलीत त्या दुपारी स्टुलावर चढल्या आणि डबा पार खरवडून रिकामा केला. शेवटचे चार पिस्ते खाताना त्यांना वाईट वाटलं. पुढची पिशवी आता किल्ली कुणाकडे राहते त्यावर अवलंबून होती.

अखेरच्या आठवड्यात पोत्यांच्या वजनानं खालची फळी काडकन मोडली. भाऊ कामावर गेले होते. जाताना ते सुतारकाकांना सांगून गेले होते, म्हणून दुपारी काका हत्यारांची पिशवी घेऊन आले. फळी बसवून झाली, तेव्हा एका टोकाला खिळा कमी पडला. काका पिशवी चाचपू लागले.

वहिनींनी नकळत वर पाहिलं आणि काकांनी त्या कुठे पाहतात ते पाहिलं.

"तो नको," काका हसून म्हणाले. "त्यातले खिळे मला चालायचे नाहीत. मी घरून आणतो."

"का? खिळे ते खिळे," वहिनी म्हणाल्या, पण त्यांचा आवाज जरा चिरकला.

"वहिनी, भाऊ इतकी वर्षं एकेका खिळ्यासाठी माझ्या दारात येतात. एकदा मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे डबाभर आहेत की. तर म्हणाले, तो डबा हिचा आहे. मी त्यात फक्त टाकतो, काढत नाही." काका खिळा आणायला गेले.

वहिनींनी आधी दाराकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं, वर चढल्या आणि डबा खाली घेतला. तो जड होता. परवा खरवडून रिकामा केलेला डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. बटाट्याच्या या महिन्यात, चहासुद्धा बिनसाखरेचा होत असताना.

खिडकीत कोरफडीची कुंडी होती. रोज पाणी घालून घालून माती खाली बसली होती आणि टरफलं अर्ध्या कुंडीभर वर आली होती. अख्ख्या घराला दिसत होती ती. दिसत नव्हती ती एकट्या वहिनींनाच. मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि या घरात सगळ्यांनी मांजरीसाठी बशी भरून ठेवली होती. पोरांनी चिठ्ठ्या लिहून लिहून साऱ्या फडताळाचा फडशा पाडला, पण 'जुने खिळे' कुणी मागितले नाहीत. आणि एक पिशवी किती महिने पुरते म्हणून आपण केवढ्या ऐटीत होतो, हे आठवून वहिनींना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. काका परत आले तेव्हा त्या पदरानं डोळे पुसत होत्या, आणि काकांनी काही न विचारता खिळा ठोकला.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी भाऊंनी फडताळाची किल्ली ओट्यावर ठेवली. "हरलो," ते म्हणाले. "का हरलो ते अजून कळलं नाही. आकडा सांग."

वहिनींनी आकडा सांगितला. तो बराच मोठा होता. भाऊंच्या भुवया वर गेल्या, ओठ हलले, पण शब्द दिल्याप्रमाणे ते काही विचारू शकले नाहीत. तेवढी गंमत वहिनींनी पुरेपूर उपभोगली.

"आणि यात," त्या म्हणाल्या, "खिळे धरलेले नाहीत."

भाऊंनी छताकडे पाहिलं. कान मात्र लाल झाले.

"खिळे माझ्या खात्यातून येतात," ते म्हणाले. "ते तसंच राहू दे."

नव्या महिन्याचा किराणा आला तेव्हा वहिनींनी खळीची वाटी त्यांच्या हातात दिली आणि कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन बसल्या. भाऊ खळ लावून देत गेले, वहिनी चिकटवत गेल्या. बेदाणे झाले 'कडू काढा', खजूर झाला 'सुंठ', बिस्किटं 'बुटांचं पॉलिश'. आपल्या हातानं खोटी नावं चिकटवताना भाऊंना यातना होत होत्या, पण त्यांनी एकही चिठ्ठी तिरकी लागू दिली नाही. पोरं दारात उभं राहून नवी नावं पाठ करत होती. त्या महिन्यापासून मधला पुन्हा दोनच खजूर घेऊ लागला.

शेवटी एक रिकामा डबा उरला. वहिनींनी त्यात बदाम भरले आणि तो जाऊबाईंपुढे सरकवला.

"हा तुझा. नाव तूच ठेव. बाकी सगळे सांभाळतील."

जाऊबाईंनी दारातल्या पोरांकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, वरच्या फळीकडे पाहिलं. मग पेन घेऊन ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'जुने स्क्रू'.

दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत पाळणा जोडायला काढला, तर नेमके दोन स्क्रू कमी. धाकटे दीर जिना उतरून स्वयंपाकघरात आले. समोर 'जुने स्क्रू' लिहिलेला डबा दिसत होता. ते क्षणभर थांबले, मुकाट्यानं चपला घातल्या आणि शेजारी सुतारकाकांकडे गेले.